प्रभारीपणाचे दिवस : कार्यभार, घर आणि विरंगुळा



वार्षिक अहवाल हाती आला की आपण बाह्यरुग्णांची संख्या पाहता, शस्त्रक्रियांचा तक्ता पाहता, जमाखर्चाची पाने बारकाईने वाचता. एक गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही. एखादे जबाबदारीचे पद वर्षभरात किती दिवस रिकामे राहिले, आणि त्या काळात त्या खुर्चीचा भार कोणी, स्वतःच्या कोणत्या वेळातून उचलला, याची नोंद अहवालात कोठेही सापडत नाही. धर्मादाय रुग्णालयात हा प्रसंग दुर्मीळ नाही. वैद्यकीय अधीक्षक सेवानिवृत्त होतात, अधिसेविका दीर्घ रजेवर जातात, प्रशासकीय अधिकाऱ्यांना मोठ्या शहरात अधिक वेतनाची नोकरी मिळते. मग सूचनाफलकावर एक आदेश लागतो : पुढील व्यवस्था होईपर्यंत अमुक यांनी आपले काम सांभाळून सदर पदाचा कार्यभार पाहावा. ‘आपले काम सांभाळून’ या तीन शब्दांत काय काय सामावलेले असते, ते आपणांस समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘पुढील व्यवस्था’ होण्यास वेळ का लागतो, असा प्रश्न अनेक देणगीदार आपुलकीने विचारतात. जाहिरात द्यावी लागते, अर्जांची छाननी होते, मुलाखती होतात, विश्वस्त मंडळाची सभा भरून मान्यता मिळते, आणि निवडलेल्या उमेदवाराला आधीच्या संस्थेत नोटिशीचा काळ पुरा करावा लागतो. एवढे होऊन उमेदवाराने ऐनवेळी नकार कळवला, तर पुन्हा पहिल्यापासून सारे आले. व्यापारी रुग्णालये देतात ते वेतन विश्वस्त संस्थेला परवडत नाही, हेही खरेच. त्यामुळे कागदावर दोन महिन्यांचे दिसणारे प्रभारीपण सात-आठ महिन्यांवर सहज जाते.

या काळात प्रभारी व्यक्तीवर नेमके काय येऊन पडते? बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, चार सह्या जास्त. परंतु त्या सह्यांमागे कायदा उभा आहे, आणि कायद्याला ‘मी तात्पुरता आहे’ ही सबब चालत नाही. रुग्णालयात झालेल्या प्रत्येक जन्माची व मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे पोहोचवण्याची जबाबदारी, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार, तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची असते. सोनोग्राफी केंद्राचा मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जावा लागतो. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्यात हयगय झाली तर परिणाम गंभीर होतात. रक्ताने माखलेला किंवा शरीराच्या अवयवांचा, प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवून ठेवता येत नाही, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात. मॉर्फिनसारख्या गुंगीकारक औषधांच्या साठ्याचा हिशेब रोजच्या रोज जुळावा लागतो. आणि धर्मादाय रुग्णालय म्हणून आपले स्वतःचे असे एक कर्तव्य आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. संध्याकाळी सहा वाजता ऊसतोडणी कामगाराचे कुटुंब कागदपत्रांविना दारात उभे असते तेव्हा त्यांना कोणत्या खाटेवर घ्यायचे, हा निर्णय शेवटी प्रभारींकडेच येतो. तो निर्णय सकाळपर्यंत थांबू शकत नाही.

हे सारे कायम अधीक्षकही करतातच. मग प्रभारीचे निराळे काय? आमच्या मते निराळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा. खर्चाची मर्यादा आदेशात लिहिलेली नसते, त्यामुळे मॅनिफोल्डवरचा एखादा व्हॉल्व्ह बदलायलाही विश्वस्तांना विचारावे की नाही, अशी घालमेल होते. काल ज्या सहकाऱ्याबरोबर कँटीनमध्ये चहा घेतला, त्याचीच रजा आज नामंजूर करायची असते, आणि उद्या पुन्हा त्याच्याच शेजारी बसून काम करायचे असते. दुसरे निराळेपण अधिक घातक असूनही ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे ‘थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे’ हे वाक्य.

कायमचे पद मिळालेला मनुष्य आपले आयुष्य त्या पदाभोवती नव्याने मांडतो. घरी सांगतो, दवाखान्याच्या वेळा बदलतो, एखादे काम सोडून देतो. प्रभारी मनुष्य काहीच बदलत नाही. तो सगळे थांबवून ठेवतो. सकाळचे फिरणे थांबते, रियाज थांबतो, गावाकडची फेरी पुढे ढकलली जाते, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला आजोबा जातात. दीड महिना असे थांबवून ठेवणे कोणालाही जमते. पण दीड महिन्याचे आठ महिने होतात तेव्हा ते कोणी जाहीर करत नाही. दर आठवड्याला ‘आता थोडेच दिवस’ एवढेच ऐकू येते.

आमच्या शल्यविभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अधीक्षकपदाचा कार्यभार असाच दीर्घकाळ सांभाळला. त्यांनी आपली एकही शस्त्रक्रिया कमी केली नाही, एकही ओपीडी सोडली नाही. सोडले ते पहाटेचे बॅडमिंटन आणि रविवारचे दुपारचे जेवण. ‘‘अहो, तुमची ती पुढील व्यवस्था कधी व्हायची?’’ असे त्यांच्या पत्नी विचारू लागल्या, तेव्हा घरात तो विनोद झाला होता. मग कर्मचाऱ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत, आमच्याच परिचारिकेने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आणि रक्तदाबाचा आकडा पाहून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. त्यांच्यावर वेळीच उपचार सुरू झाले, आज ते उत्तम आहेत. परंतु इतरांना मीठ कमी खा, झोप पुरी घ्या असे रोज सांगणाऱ्या माणसाची ही कथा आम्हां सर्वांना विचार करायला लावणारी ठरली.

या थकव्याला वैद्यकशास्त्रात जे नाव मिळाले, त्याचा उगम एका धर्मार्थ दवाखान्यातच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करीत. तेथील सेवाभावी तरुण कार्यकर्ते काही काळाने रुक्ष, चिडचिडे आणि निरुत्साही होतात, असे त्यांनी पाहिले, आणि स्वतःतही तीच लक्षणे ओळखली. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि ‘बर्न-आउट’ हा शब्द शास्त्रात रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याची व्याख्या आहे. त्याला रोग म्हटलेले नाही; कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा तो परिणाम मानला जातो. शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे. सेवाभावाने काम करणाऱ्यांना याचा धोका कमी असतो, असा आपला एक भाबडा समज आहे. फ्रॉइडेनबर्गर यांनी जे पाहिले ते नेमके याच्या उलट होते.

प्रश्न केवळ त्या व्यक्तीच्या सुखाचा नाही, रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची हात आणि डोळे यांच्या समन्वयाच्या चाचणीतील कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घसरते; २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेली प्रभारी व्यक्ती रात्री दहा वाजता जेव्हा औषधसाठ्याच्या नोंदवहीवर सही करते, तेव्हा ती या हिशेबाने गाडी चालवण्यासही पात्र नसते. दीर्घकालीन परिणामांबाबत जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेले निष्कर्ष स्पष्ट आहेत : आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. स्वतःचे काम सांभाळून दुसरे पद पाहणारा मनुष्य ५५ तास केव्हा ओलांडतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

आता विश्रांतीविषयी. रात्री सोफ्यावर बसून, दूरदर्शन संचासमोर, हातात मोबाइल घेऊन वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले संदेश वाचत बसणे याला आपण विश्रांती समजतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी आपल्या सहकारी शार्लोटे फ्रिट्झ यांच्याबरोबर २००७ मध्ये, कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो याची चार अंगे सांगितली : कामापासून मनाने दूर होणे, शरीर-मन सैल सोडणे, काहीतरी नवे शिकणे किंवा साधणे, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने वापरता येणे. सोफ्यावरच्या त्या तासात यांतील एकही धड होत नाही. उलट पेटीवर नवी चाल बसवताना बोटे दुखतात, घाम येतो, तरी तासाभराने मन हलके होते, कारण त्या तासात वॉर्ड क्रमांक तीन डोक्यात नसतो. विरंगुळा म्हणजे रिकामपण असा अर्थ लावणाऱ्यांनी डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांचे उदाहरण आठवावे. डॉ. अनिता अवचट यांच्यासमवेत १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारा हा माणूस ओरिगामी करी, लाकडातून शिल्पे कोरी, बासरी वाजवी. (डॉ. श्रीराम लागू यांच्यासारखे नाक-कान-घशाची शस्त्रक्रिया सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर जाणे, इतक्या टोकाला आमच्या डॉक्टरांनी जाऊ नये, अशी विश्वस्तांची इच्छा असणार!)

काही वर्षांपूर्वी आमच्या एका ज्येष्ठ परिसेविकेकडे अधिसेविकापदाचा कार्यभार आला, तो आठ महिने राहिला. त्यांनी जे केले ते आम्हांला आजही अनुकरणीय वाटते. कार्यभार स्वीकारताना त्यांनी विश्वस्तांना एकच विनंती केली : शस्त्रक्रियागृहाची माझी पाळी या काळापुरती दुसऱ्या सिस्टरांना द्यावी, दोन्ही होणार नाही. पुष्कळांना ते वावगे वाटले. प्रभारींनी काम वाढवून घ्यायचे, कमी कसे करून मागायचे? पण दोन्ही कामे अर्धवट होण्यापेक्षा एक पुरे होणे रुग्णांच्या हिताचे होते, आणि विश्वस्तांनी ते मान्य केले.

दुसरी गोष्ट अगदीच साधी. रात्रपाळीचे फोन थांबेनात, तेव्हा त्यांनी प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर एक दोनशे पानी वही ठेवली आणि वर लिहिले, ‘सकाळी विचारायचे’. कोणत्या प्रसंगी रात्री फोन करायचाच, हे पहिल्याच पानावर नमूद केले. आग किंवा धूर; ऑक्सिजनचा दाब उतरणे; वीज जाऊन जनरेटर सुरू न होणे; अनपेक्षित मृत्यू; रुग्ण किंवा बालक बेपत्ता होणे; पोलीस येणे अथवा नातेवाइकांचा जमाव वाढणे. यांत शंका घ्यायची नाही, दुसऱ्या क्षणी फोन. (९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली, तेव्हापासून या यादीत आग पहिल्या क्रमांकावर का, हे कोणाला समजावून सांगावे लागलेले नाही.) बाकी सारे वहीत. चादरी कमी पडल्या, एका मावशींची उद्याची दांडी कळली, लिफ्टचा दरवाजा खडखडतो, अमुक डॉक्टर राउंडला उशिरा येतात. सकाळी आठ वाजता बाई सर्व वह्या वाचून प्रत्येक ओळीसमोर उत्तर लिहीत. पहिल्या आठवड्यात पाने भरभरून लिहिली जात. मग त्यांच्या ध्यानात आले, की निम्म्या ओळींसमोर पाळीच्याच सिस्टरांनी पहाटे ‘झाले’ असे लिहून ठेवलेले असते. फोन केला असता तर तो प्रश्न बाईंचा झाला असता. लिहिल्यामुळे तो लिहिणारीनेच सोडवला. त्या वहीने दोन तरुण परिचारिकांना प्रभारी होण्याइतके तयार केले, असे आमचे मत आहे.

आणि गुरुवार. त्यांच्या आळीत गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ असे, त्यात पेटी त्यांची. दर गुरुवारी पाच ते आठ रुग्णालयाचा मोबाइल त्या उपप्रभारी सिस्टरांकडे सोपवून जात. पहिल्या महिन्यात दोन गुरुवार चुकले, तेव्हा सासूबाईंनीच विचारले म्हणे, ‘‘अगं, आज गुरुवार ना? मग पेटी कोण वाजवणार, मी?’’ घरच्या माणसांची साथ म्हणतात ती अशी असते. ती गृहीत मात्र धरता येत नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. प्रभारी अधिसेविकेचा दिवस रुग्णालयातून घरी आल्यावर संपत नाही. त्यामुळे प्रभारीपण देताना घरी कोण आहे, लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, हे विचारणे म्हणजे खाजगी बाबतीत ढवळाढवळ, असे आम्ही मानत नाही. विचारावे, आणि उत्तर ‘आत्ता जमणार नाही’ असे आले तर ते तिच्या गोपनीय अहवालात उमटू नये.

देणगीदारांशी एक मनमोकळी गोष्ट बोलावीशी वाटते. आपण दिलेल्या डायलिसिस यंत्रावर, खाटेवर, पाणपोईवर आपल्या आईवडिलांच्या नावाची पाटी लागते, आणि ती लागावीच. परंतु सहायक अधीक्षकाच्या वेतनावर किंवा बदली परिचारिकेच्या मानधनावर पाटी लावण्याची सोय नाही. त्यामुळे यंत्रे येतात, आणि ती चालवणाऱ्या व्यवस्थेत दुसऱ्या फळीचा माणूस नसतो. अधीक्षकांच्या हाताखाली एक प्रशिक्षित सहायक कायम असला, तर प्रभारीपण आठ महिन्यांचे झाले तरी ते एका माणसाच्या झोपेतून वसूल होत नाही. कोणा दात्याने कोणत्याही वस्तूशी न जोडलेली, केवळ मनुष्यबळासाठी म्हणून देणगी दिली, तर तिचा लाभ डोळ्यांना दिसणार नाही, पण रात्रपाळीला तो नक्की जाणवेल.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती. तक्रार असेल, अडचण असेल, तर प्रथम त्या वेळी पाळीवर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे; त्यांचे नाव अपघात विभागाच्या फलकावर लिहिलेले असते आणि निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना दिलेला असतो. ‘मोठ्या डॉक्टरांच्या’ घरी रात्री जाऊन काम लवकर होते असे नाही. उलट ज्या माणसासमोर आपला रुग्ण नाही, त्याला माहिती घेऊन पुन्हा पाळीवरच्या डॉक्टरांनाच फोन करावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

या सर्व अनुभवांवरून प्रभारी नियुक्तीच्या आदेशाचा एक नवा नमुना तयार करून विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात आला आहे. जुना आदेश चार ओळींचा होता. नव्यात कार्यभार सुरू होण्याची तारीख आहे आणि ९० दिवसांनी फेरविचाराची तारीख आहे. त्या तारखेस विश्वस्तांनी लेखी मुदतवाढ दिली नाही, तर कार्यभार आपोआप संपतो. खर्चाची मर्यादा आकड्यात लिहिण्यासाठी रकाना आहे. मूळ कामापैकी कोणते काम या काळात कोणाकडे जाईल, ते लिहिल्याशिवाय आदेश निघत नाही. उपप्रभारीचे नाव आणि आठवड्यातील कोणता दिवस, कोणते तास मोबाइल त्यांच्याकडे राहील, हेही त्यात आहे. साठलेली बदली रजा कार्यभार सोडल्यापासून दोन महिन्यांत द्यायची, ती पगारात वळती करायची नाही, असे शेवटचे कलम आहे. या कलमावर सभेत बरीच चर्चा झाली. काही कर्मचाऱ्यांना रजेपेक्षा पैसे अधिक उपयोगी पडतात, हा मुद्दा रास्त होता. तूर्त रजा सक्तीची आणि कार्यभार भत्ता स्वतंत्र, असा प्रस्ताव असून तो पुढील सभेत मंजुरीसाठी येईल.